कुलपाचा दोष आणि धन्याचे दैव

बँकेचे पासबुक हरवले, मुदत ठेवीची पावती वाळवीने खाल्ली किंवा लॉकरची किल्ली प्रवासात कोठे तरी गहाळ झाली, तर मनुष्याला चार खेटे घालावे लागतात, मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे लागते आणि शाखाधिकाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. परंतु या साऱ्या यातायातीच्या अखेरीस त्याचा ऐवज त्याच्या पदरात पडतो, कारण तो ऐवज त्याचाच आहे असे सांगणारे दप्तर दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात सुरक्षित असते. मालकी ही एक गोष्ट आणि मालकीचा पुरावा ही दुसरी, व पुरावा नष्ट झाला तरी मालकी शाबूत राहते, या समजुतीवर आपले दिवाणी कायदे, वारसाहक्क आणि सावकाराच्या पेढीपासून सहकारी बँकेपर्यंतचा सगळा व्यवहार उभा आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणाऱ्या व अद्यापि अज्ञात राहिलेल्या व्यक्तीने, किंवा कदाचित मंडळाने, बिटकॉइनची योजना सांगणारा जो नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध केला, त्या योजनेत या समजुतीला जागाच ठेवलेली नाही. ३ जानेवारी २००९ रोजी जी खातेवही सुरू झाली तीत खातेदाराचे नाव, गाव, वल्दियत यांपैकी काहीही लिहिलेले नसते. एक विशिष्ट संख्या ज्याला ठाऊक आहे तो त्या रकमेचा धनी, आणि ती ज्याच्या स्मरणातून व दप्तरातून नाहीशी झाली त्याचा त्या रकमेशी संबंध संपला, मग त्याने ती घाम गाळून मिळवलेली असो की वडिलांकडून वारशाने आलेली असो.

या संख्येला इंग्रजीतले ‘प्रायव्हेट की’ हे नाव आपल्याकडेही रूढ झाले आहे. मी तिला खाजगी किल्ली म्हणतो. ती दोनशे छप्पन्न द्विमान अंकांची असते, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत लिहिली तर सुमारे अठ्ठ्याहत्तर आकडे भरतात. ही संख्या कोणतीही कचेरी देत नाही आणि कोठेही नोंदवावी लागत नाही. संगणकाने यदृच्छया एक संख्या उचलावी आणि तीच आपली म्हणावी, इतकाच विधी. दुसऱ्या कोणी नेमकी तीच संख्या उचलली तर काय, ही शंका प्रथमदर्शनी रास्त वाटते; परंतु संख्यांचा पसारा इतका अफाट आहे की निवड खरोखर यदृच्छया झाली असेल तर तसा योग येण्याचे भय बाळगण्याचे कारण उरत नाही. या ‘तर’वर पुढे बरेच काही अवलंबून आहे, तेव्हा वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

या खाजगी किल्लीवरून, एका ठराविक वक्रावरील बिंदूंच्या गुणाकाराने, एक सार्वजनिक किल्ली काढतात आणि तिच्यावरून पैसे स्वीकारण्याचा पत्ता बनवतात. गुणाकाराची ही वाट एकेरी आहे: खाजगी संख्येवरून सार्वजनिक संख्या निमिषार्धात निघते, पण उलट दिशेने जाण्याची व्यवहारात उपयोगी पडेल अशी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. पैसे दुसऱ्याला द्यायचे झाले म्हणजे खाजगी किल्लीने त्या व्यवहारावर सही करावी लागते. मराठेशाहीतल्या पत्रांच्या शिरोभागी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटवीत, तशीच ही तऱ्हा आहे असे म्हणता येईल. मात्र भेद असा की शिक्का सर्व कागदांवर एकसारखाच उमटत असल्याने तो पळवून खोटा कागद रंगवता येई, आणि ही सही मात्र त्या त्या व्यवहाराच्या मजकुरातूनच घडत असल्यामुळे एका कागदावरची उचलून दुसऱ्यावर चिकटवता येत नाही. सही खरी आहे एवढे जगातला कोणताही संगणक पडताळून पाहतो. सही करणारा कोण, त्याने ती राजीखुशीने केली की गळ्याला सुरी लागली म्हणून केली, हे पाहण्याची तरतूद या यंत्रात नाही.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण वर्तमानपत्रांतून ‘बिटकॉइनचा पासवर्ड विसरला’ असे जे सरधोपट लिहिले जाते त्यात दोन निरनिराळ्या वस्तू एकत्र कालवलेल्या असतात. पासवर्ड हा खातेवहीच्या लेखी अस्तित्वातच नसतो. किल्ली ज्या फाइलीत किंवा ज्या उपकरणात ठेवलेली असते त्या पेटीचे ते कुलूप. आरंभीच्या काळात तर ही पेटी उघडीच असे: ‘वॉलेट डॉट डॅट’ नावाची फाइल संगणकावर पडलेली असायची आणि ती ज्याच्या हाती लागेल त्याच्या हाती सारे धन लागायचे. तिला पासवर्ड लावण्याची सोय बिटकॉइनच्या मूळ प्रणालीत २०११ साली आली, आणि चोराची भीती कमी झाली त्याच दिवशी विसराळूपणाची भीती जन्माला आली. त्या जुन्या फाइलींची आणखी एक खोड होती. पैसे देताना उरलेली मोड नव्या पत्त्यावर जमा होत असे, त्या पत्त्याची किल्ली आधीच तयार करून ठेवलेल्या शंभर किल्ल्यांच्या साठ्यातून घेतली जाई, आणि तो साठा संपला की फाइलीची पूर्वी काढून ठेवलेली नक्कल निरुपयोगी होई. म्हणजे ज्याने दक्षता घेऊन नक्कल जपली होती तोही, वर्षभराने ती उघडून पाहता, नागवला जाण्याचा संभव होता.

हा त्रास चुकवण्यासाठी २०१३ साली शब्दांची पद्धत ठरली, जिला आज ‘सीड फ्रेज’ म्हणतात. दोन हजार अठ्ठेचाळीस सोप्या इंग्रजी शब्दांची एक ठराविक यादी आहे. तिच्यातले बारा किंवा चोवीस शब्द विशिष्ट क्रमाने लिहून ठेवले की त्यांवरून किल्ल्यांच्या त्या पेटीतल्या, म्हणजे वॉलेटातल्या, यच्चयावत किल्ल्या पुन्हा निर्माण करता येतात. यादी करणाऱ्यांची एक दूरदृष्टी मला फार आवडते: कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरे सारखी येणार नाहीत असा कटाक्ष त्यांनी पाळला आहे, त्यामुळे शाई पुसट झाली आणि शब्दाचा आरंभ तेवढा वाचता आला तरी काम भागते. शेवटच्या शब्दात थोडा पडताळ्याचा अंशही गुंफलेला असतो. बारांपैकी अकरा शब्द हाती आहेत आणि शेवटचा तेवढा उंदराने कुरतडला आहे, अशी कल्पना करा; तर दोन हजार अठ्ठेचाळीसांपैकी अवघे एकशे अठ्ठावीस शब्द त्या जागी नियमाने बसू शकतात, आणि ते तपासणे हे संगणकाचे क्षणाचे काम. सर्व शब्द आहेत पण क्रम विस्कटला आहे, तर मांडण्या सत्तेचाळीस कोटी नव्वद लाख एक हजार सहाशे होतात. हा आकडा माणसाला भोवळ आणणारा असला तरी यंत्राच्या आवाक्यातला आहे. उलट, बाराही शब्द गेले असतील तर सर्व यंत्रे जुंपूनही उपयोग नाही.

आता प्रत्यक्ष माणसांकडे वळू. स्टीफन थॉमस या जर्मनीत जन्मलेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या संगणकतज्ज्ञाला, बिटकॉइन म्हणजे काय हे समजावून सांगणारी एक छोटी चित्रफीत केल्याबद्दल २०११ साली जे बिटकॉइन मिळाले, त्यांपैकी सात हजार दोन बिटकॉइनांच्या किल्ल्या त्याने ‘आयर्नकी’ नावाच्या एका खबरदार उपकरणात ठेवल्या आणि उपकरणाचा पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. या उपकरणाचा नियम असा की पासवर्ड दहा वेळा चुकला की आतला मजकूर कायमचा नाहीसा करावा. २०२१ च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याची हकीकत छापली तेव्हा आठ प्रयत्न खर्ची पडलेले होते, आणि त्या ऐवजाची किंमत बावीस कोटी डॉलरांच्या घरात गेलेली होती. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहराच्या जेम्स हॉवेल्सचे संकट त्याहून ढोबळ: त्याची हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली, ती जेथे पुरली गेली तो उकिरडा नगरपालिकेच्या मालकीचा, आणि उत्खननाची परवानगी मागता मागता तो अखेर न्यायालयाची पायरी चढला, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा दावा फेटाळला गेला. वर्तमानपत्रांना ही दुसरी कथा फार प्रिय आहे, परंतु तीत शिकण्यासारखे थोडे.

मला अधिक विचारप्रवर्तक वाटते ते युरोपातल्या एका अनाम गृहस्थाचे प्रकरण. या गृहस्थाने २०१३ च्या वसंतात सुमारे साडेत्रेचाळीस बिटकॉइन जमवले आणि वॉलेटासाठी वीस अक्षरांचा पासवर्ड ‘रोबोफॉर्म’ या, खास पासवर्ड घडवून देणाऱ्या, प्रणालीकडून करून घेतला. तो पासवर्ड त्याच प्रणालीत साठवावा तर कोणी घुसखोर तेथून चोरील, अशी शंका येऊन त्याने तो एका वेगळ्या सांकेतिक फाइलीत बंद करून ठेवला; कालांतराने ती फाइल बिघडली, आणि अतिदक्षतेचे प्रायश्चित्त त्याला दहा वर्षे भोगावे लागले. २०२२ साली तो जो ग्रँड या अमेरिकन तज्ज्ञाकडे गेला. ग्रँड हा यंत्रांची अंतरे फोडण्यात प्रसिद्ध. त्याने ट्रेझर नावाच्या हार्डवेअर वॉलेटच्या चिपेला नेमक्या क्षणी विजेचा झटका देऊन तिच्या स्मृतीतून विसरलेला पिन बाहेर काढला होता आणि वीस लाख डॉलरांहून अधिक ऐवज धन्याला परत मिळवून दिला होता. परंतु येथे उपकरण नव्हतेच, होता तो केवळ वीस अक्षरांचा पासवर्ड, आणि तो अक्षराक्षराने चाचपत बसणे व्यर्थ. म्हणून ग्रँडने प्रथम नकार दिला.

पुढच्या वर्षी त्याने मन बदलले आणि जर्मनीतल्या एका सहकाऱ्याच्या साहाय्याने पासवर्डाला बाजूला सारून पासवर्ड घडवणाऱ्या प्रणालीचीच चौकशी आरंभली. तेव्हा असे आढळले की त्या प्रणालीची २०१३ सालची आवृत्ती जिला यदृच्छा म्हणत होती ती वस्तुतः संगणकातल्या घड्याळाची छाया होती: तारीख व वेळ ठाऊक असेल तर त्या क्षणी कोणता पासवर्ड निघाला असता हे पुन्हा काढून दाखवता येत होते. प्रश्न आता एवढाच उरला की गृहस्थाने तो पासवर्ड कोणत्या दिवशी, कोणत्या सेकंदाला करून घेतला. ते त्याला आठवेना. वॉलेटात पैसे प्रथम आले ते १४ एप्रिल २०१३ रोजी, म्हणून शोधकांनी १ मार्च ते २० एप्रिल एवढा काळ धुंडाळला. मग जूनपर्यंत हद्द वाढवली. हाती काही आले नाही. पुन्हा पुन्हा विचारणा होऊ लागली तसा तो गृहस्थ त्रासून गेला. पासवर्डात विशेष चिन्हे होती असे त्याचे म्हणणे होते, परंतु त्याच काळात त्याने केलेले दुसरे पासवर्ड तपासता काहींत तशी चिन्हे नव्हती, हे लक्षात आल्यावर शोधकांनी त्याच्या स्मरणाची साक्ष अमान्य केली आणि चिन्हे वगळून शोध घेतला. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुलूप उघडले. पासवर्ड घडला होता १५ मे २०१३ रोजी, ग्रिनिचच्या वेळेनुसार दुपारी चार वाजून दहा मिनिटे चाळीस सेकंदांनी. गृहस्थाने पुढे सांगितले की पासवर्ड हरवला हेच बरे झाले, नाही तर आपण भाव चाळीस हजार डॉलर होताच सारे विकून मोकळे झालो असतो. नियतीचा असा गुंतवणूक-सल्लागार सर्वांना लाभत नाही.

या हकीकतीचा आनंद मानताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. विसरलेले धन परत मिळाले ते प्रणालीत दोष होता म्हणून. तिने आपले काम चोख बजावले असते तर ग्रँडसारखे दहा तज्ज्ञ बसूनही काही साधले नसते. ट्रेझरच्या चिपेचेही तेच, आणि २०२३ साली सिअ‍ॅटलच्या ‘अनसायफर्ड’ या मंडळीने थॉमसच्या उपकरणाच्या जातीची दहा चुकांची मर्यादा आपण ओलांडू शकतो असे जे जाहीर केले, त्याचेही तेच. (थॉमसने त्यांची मदत घेतली नाही, त्याने आधीच दुसऱ्या तज्ज्ञांना वचन दिले होते.) किल्लीची पुनःप्राप्ती हा जो धंदा आता उदयाला आला आहे, ज्यात तज्ज्ञ मिळालेल्या ऐवजाचा काही हिस्सा मेहनताना म्हणून घेतात, तो सर्वस्वी दुसऱ्यांच्या चुकांवर जगणारा धंदा आहे: धन्याने जन्मतारखेचा पासवर्ड केला, प्रणालीकाराने घड्याळाला यदृच्छा मानले, चिप बनवणाऱ्याने स्मृतीत नको तेवढा मजकूर शिल्लक ठेवला.

आणि ज्या दोषातून धनी आत शिरतो त्याच दोषातून चोरही शिरतो. रोबोफॉर्मचा घड्याळदोष ज्या काळात त्या गृहस्थाच्या कामी आला, त्याच २०२३ सालच्या जुलैत ‘लिबबिटकॉइन’ या प्रणालीतला तशाच जातीचा दोष अनेकांच्या मुळावर आला. सीड फ्रेज घडवण्याची तिची एक आज्ञा घड्याळाच्या अवघ्या बत्तीस द्विमान अंकांवर विसंबून होती. म्हणजे जेथे अगणित शक्यता असावयास हव्या होत्या तेथे जेमतेम चारशे एकोणतीस कोटी होत्या, आणि घरगुती संगणक तेवढ्या थोड्याच दिवसांत चाळून काढतो. चोरांनी त्या चाळल्या. घड्याळ शून्यावर असता या आज्ञेने जे शब्द निघत त्यांतले पहिले दोन इंग्रजीत ‘मिल्क सॅड’ असे होत, म्हणून शोधकांनी या दोषाला तेच नाव दिले. ज्यांचे गेले त्यांनी निष्काळजीपणा केला होता असेही म्हणवत नाही. त्यांनी शब्द कागदावर लिहिले, कोणाला दाखवले नाहीत, सर्व पथ्ये पाळली. त्यांच्या आणि त्या युरोपीय गृहस्थाच्या दैवात अंतर पडले ते इतकेच की एकाच्या कुलपाचा दोष धन्याच्या माणसाला आधी कळला आणि दुसऱ्यांच्या कुलपाचा चोराला. खातेवहीच्या दृष्टीने दोन्ही व्यवहारांवरच्या सह्या तितक्याच खऱ्या.

मग एका किल्लीवर सारा भार का टाकावा, असे कोणी विचारील, आणि त्याला उत्तरे आहेत. आदी शमीर या गणितज्ञाने १९७९ सालीच एक रहस्य अनेक वाट्यांत विभागून, त्यांपैकी ठरावीक संख्येने वाटे एकत्र आल्यावरच ते प्रकट व्हावे, अशी रीत दाखवून दिली. बिटकॉइनमध्ये अनेकांच्या सह्या आवश्यक करणारी वॉलेटे आहेत. शब्द पोलादी पत्र्यावर कोरून आगीपासून वाचवणारेही आहेत. हॅल फिनी, ज्याला जानेवारी २००९ मध्ये खुद्द नाकामोतोकडून बिटकॉइनचे पहिले हस्तांतर झाले, त्याने स्नायू लुळे करणाऱ्या असाध्य रोगाने ग्रासल्यावर २०१३ साली लिहिले की वारसांसाठी ठेवलेले आपले बिटकॉइन बँकेच्या सेफ डिपॉझिटमध्ये आहेत. बँकांना पर्याय म्हणून जन्मलेल्या धनाने अखेरीस बँकेच्याच तिजोरीत आश्रय घ्यावा, यात विसंगती आहे खरी, परंतु मृत्यूची चाहूल लागलेल्या त्या शहाण्या मनुष्याला तत्त्वापेक्षा मुलाबाळांची चिंता अधिक होती. अनेक सह्यांच्या पद्धतीनेही सर्व भागते असे नाही. १८ जुलै २०२४ रोजी आपल्या मुंबईशी निगडित असलेल्या ‘वझीरएक्स’ या बाजारपेठेच्या वॉलेटातून सुमारे साडेतेवीस कोटी डॉलरांचा ऐवज नाहीसा झाला, तेव्हा त्या वॉलेटाला चार सह्या लागत होत्या. कंपनीच्याच म्हणण्यानुसार सह्या करणाऱ्यांना पडद्यावर दिसले एक आणि सही पडली ती दुसऱ्याच मजकुरावर.

जी संस्था हजारोंच्या किल्ल्या सांभाळते तिच्यात तर विस्मरणाची सबबच एक ढाल होऊ शकते. कॅनडातल्या ‘क्वाड्रिगासीएक्स’ या बाजारपेठेचा तिशीतला चालक जेराल्ड कॉटन हा पत्नीसह भारतात आला असता ९ डिसेंबर २०१८ रोजी जयपूरच्या रुग्णालयात आतड्याच्या जुन्या विकाराने वारला. मृत्यूच्या दाखल्यावर त्याचे आडनाव चुकीचे लिहिले गेले, आणि पुढे जी नाना कुजबूज माजली तिला तेवढे निमित्त पुरले. निधनाच्या बारा दिवस आधी त्याने मृत्युपत्र केले होते, त्यात आपल्या दोन चिवावा कुत्र्यांच्या संगोपनासाठी एक लाख डॉलरांची तरतूद होती. ठेवीदारांच्या धनाच्या किल्ल्यांविषयी मात्र कोठेही अवाक्षर नव्हते. जानेवारी २०१९ अखेर त्याच्या विधवेने नोव्हा स्कोशियाच्या न्यायालयात प्रतिज्ञालेख दाखल केला की सारे कारभार कॉटन एकटाच पाहत असे, धन त्याच्या सांकेतिक लॅपटॉपवरून चालणाऱ्या कोल्ड वॉलेटांत, म्हणजे इंटरनेटपासून तोडून ठेवलेल्या पेट्यांत, आहे आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. एका तरुणाच्या अकाली मृत्यूने कोट्यवधी डॉलर अधांतरी राहिले, अशी हळहळ जगभर व्यक्त झाली. परंतु या खातेवहीचा एक गुण असा की किल्ली नसली तरी पेटीत किती आहे हे कोणालाही बाहेरून दिसते. न्यायालयाने नेमलेल्या अर्न्स्ट अँड यंग या हिशेबतपासनिसांनी पत्ते धुंडाळले तेव्हा ती वॉलेटे एप्रिल २०१८ पासूनच, म्हणजे कॉटनच्या मृत्यूपूर्वी आठ महिने, रिकामी असल्याचे आढळले. ऑन्टारिओच्या रोखे आयोगाने जून २०२० च्या अहवालात निर्वाळा दिला की कॉटनने खोट्या खात्यांवरून ठेवीदारांचाच पैसा सट्ट्यात उधळला होता. शहात्तर हजार ग्राहकांचे एकवीस कोटी पन्नास लाख कॅनेडियन डॉलर देणे होते. हरवलेल्या पासवर्डामागे दडलेले धन नव्हतेच.

या दिवाळखोरीच्या कारभारात एक फजितीही घडली. फेब्रुवारी २०१९ मध्ये, कंपनीच्या हाती शिल्लक राहिलेल्या थोड्या ऐवजापैकी सुमारे एकशे तीन बिटकॉइन चुकून त्याच कोल्ड वॉलेटांकडे वर्ग झाले, ज्यांच्या किल्ल्या कोणापाशी नाहीत असे न्यायालयाला शपथेवर सांगितले गेले होते. ते बुडाले असे धरून दिवाळखोरीचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्तांनी हिशेब पुढे चालवला. जवळपास चार वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, ते तेथून हलले. विश्वस्तांनी ते हलवलेले नव्हते, असे घेणेकऱ्यांच्या प्रतिनिधींनी कळवले. कॉटन तर केव्हाच मातीत गेला होता. खातेवहीत त्या दिवसाची नोंद आहे, रक्कम आहे, वेळ आहे, आणि खाली बिनचूक सही आहे.